खिडकीवरचं शिळं कार्ड

साखर कारखान्यात नोकरी केली म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या घरात साखरेची पोती असणार. माझी सगळी नोकरी शेतकी ऑफिसात गेली, आणि तिथे साखर फक्त चहात दिसायची, तीही कॅन्टीनवाल्याच्या मर्जीप्रमाणे. संपादकांनी या अंकासाठी नोकरीतले गमतीदार प्रसंग मागितले आहेत. गंमत किती निघेल सांगता येत नाही, पण एक खिडकी, एक छत्रीवाले साहेब आणि एक शिळं कार्ड यांची हकिकत सांगते. ती सांगायची आठवण झाली तीही भाचीच्या मुलीमुळे.

ही पोरगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या नाताळात ती श्रीरामपूरला आमच्याकडे आली ती लॅपटॉप काखोटीला मारूनच. पुढ्यात करंज्या ठेवल्या तरी हिची मान वर होईना. काय अडलंय विचारलं तर तिने मला नीट समजावून सांगितलं. म्हणे, मूळ नोंद तक्त्यात असते. प्रोग्राम तिची एक प्रत उचलतो, तिला ऑब्जेक्ट म्हणतात. ती प्रत बाहेर हिंडते, तिच्यात बदल होतात आणि मग ती परत तक्त्यात लिहायची. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी तीच नोंद बदलली असेल तर त्याचं लिहिलेलं पुसलं जाणार. म्हणून प्रत्येक नोंदीला एक नंबर, बदल झाला की तो वाढतो. प्रत नेताना जो नंबर होता तोच परत आणताना तक्त्यात असेल तरच लिहायचं, नाहीतर परत पाठवायचं.

मी म्हटलं, अगं, हे तर आम्ही एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला उसाच्या कार्डांवर करत होतो. ती मनापासून हसली आणि म्हणाली, "आजी, आमच्यात याला ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात." आशावादी कुलूप. नाव ऐकलं आणि मला निमसेसाहेब आठवले. त्यांच्यापेक्षा आशावादी माणूस मी पाहिलेला नाही.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्याच्या हंगामात गव्हाणीत, म्हणजे जिथे ऊस टाकतात तिथे, सारखा ऊस पडत राहावा लागतो. हजारो शेतकऱ्यांचा ऊस उभा असतो आणि प्रत्येकाला आपला आधी जायला हवा असतो. कच्चा तोडला तर साखर उतरत नाही, उशिरा तोडला तर वजन घटतं. म्हणून प्रत्येक प्लॉटची नोंद ठेवायची. सभासद कोण, क्षेत्र किती, उसाची जात कोणती, लागण कधीची, पक्वता किती आणि तोडणी कधी. रोज संध्याकाळी या नोंदी बघून उद्याचा प्रोग्राम लागायचा, म्हणजे तोडणीची कोणती टोळी कोणाच्या फडात जाणार ते ठरायचं.

नोंदी बदलणारे हात पुष्कळ. गटाचा ओव्हरसिअर पक्वता मोजून येणार, मोजणीदार क्षेत्र दुरुस्त करणार, शेअर खात्यातून सभासदाचं नाव बदलून येणार. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं एका जाडजूड रजिस्टरात असे आणि ज्याच्या हातात रजिस्टर तो राजा. बाकीच्यांनी बाकावर बसायचं. एक ओव्हरसिअर रजिस्टर बेलापूरच्या बाजूला घेऊन गेले आणि तिकडेच तापाने आजारी पडले. रजिस्टर त्यांच्या उशाखाली. त्यांच्या मंडळींना वाटलं ऑफिसची ठेव आहे, कुणाला द्यायची नाही. इकडे टोळ्यांना कुठे धाडायचं ते कळेना, गाड्या उभ्या, बैल रवंथ करताहेत. त्यानंतरच्या साहेबांनी रजिस्टर कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. मग लोक किल्लीसाठी ताटकळायला लागले, एवढाच फरक.

त्यानंतर निमसेसाहेब आले. मूळचे केडगावचे. शनिवारी एसटीने घरी जायचे, सोमवारी हजर. वर्षाचे बारा महिने हातात छत्री. दुष्काळाच्या त्या दिवसांत आभाळात ढगाचा ठिपका नसायचा आणि हा माणूस बांधावरून छत्री घेऊन चाललेला. शेतकरी गमतीने विचारायचे, साहेब, पावसाची काही खबर हाय का? साहेब गंभीरपणे सांगायचे, आला तर आपण तयारीत असावं.

त्यांनी रजिस्टर मोडलं आणि प्रत्येक प्लॉटचं एक जाड कार्ड केलं. कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने नंबर. मूळ कार्ड पेटीत राहणार. ज्याला काम असेल त्याने खिडकीवर येऊन त्याची प्रत, नंबरासकट, उतरवून न्यायची. कितीही जणांनी न्यावी, कुणाला अडवायचं नाही. काम झालं की बदल केलेली प्रत आणायची. खिडकीवर दोन्ही नंबर ताडून बघायचे. जुळले तर आणलेली प्रत हेच नवं कार्ड, तिचा नंबर एकाने वाढवायचा आणि ती पेटीत टाकायची. जुनं कार्ड मागच्या गठ्ठ्यात जाई. नंबर जुळले नाहीत तर त्याचा अर्थ मधे कुणीतरी येऊन गेलं. मग आणलेली प्रत परत द्यायची, नवीन कार्ड दाखवायचं आणि सांगायचं, हे बघून पुन्हा लिहून आणा.

हेडक्लार्कना हे पटेना. कुलूप नको म्हणजे काय? साहेबांनी त्यांना विचारलं, "एकाच दिवशी एकाच प्लॉटला दोघांनी हात लावला असं किती वेळा होतं?" क्वचित होतं, हेडक्लार्कनी कबूल केलं. "मग त्या क्वचितासाठी सगळ्या जगाला रोज बाकावर का बसवायचं? माणसांवर भरवसा ठेवा. आल्यावर तपासा." इतका साधा विचार मला त्या ऑफिसात आधी कुणाच्या तोंडून ऐकू आला नव्हता. मी तेव्हा तरुण होते आणि सहजासहजी कुणाला मानायची नाही, पण त्या दिवसापासून साहेबांना मानायला लागले.

खिडकीवर त्यांनी मला बसवलं. ऑफिसात बाई मी एकटीच. वडील चर्चच्या शाळेत मास्तर, त्यामुळे अक्षर चांगलं आणि दुसऱ्याच्या चुका काढायची सवय घरातलीच. नाही म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही. साहेबांनी बहुधा तेच हेरलं. मिशांवर ताव देत आलेल्या ओव्हरसिअरला एका बाईने सांगायचं की तुमची प्रत चालणार नाही, जाऊन परत लिहा, ही त्या काळात गिळायला सोपी गोष्ट नव्हती. मागे पडलेल्या प्रतीला मी शिळं कार्ड म्हणू लागले आणि बघता बघता तो शब्द सगळ्या कारखान्यात झाला. "गायकवाडबाईंनी आज किती शिळी काढली?" असं कॅन्टीनमधे विचारायचे.

त्यावर लोकांनी नाना तोडगे काढले. एक ओव्हरसिअर आपलं शिळं होऊ नये म्हणून ऑफिस उघडायच्या आधीच खिडकीला नाक लावून उभे राहायचे. दुसऱ्या एकांनी हिशोब केला की आज चार आहे म्हणजे परवापर्यंत पाच होणारच, म्हणून पाच टाकूनच आणायचे. पेटीत चारच असायचं. मग ते माझ्याकडे असे बघायचे जणू मीच मुद्दाम नंबर वाढवला नाही.

गागरेभाऊ या सगळ्यांहून वेगळे. गटातले सगळ्यांत जुने ओव्हरसिअर. सायकलवर हिंडायचे, आणि उसाचा गोडवा मोजायची नळी खिशात रुमालात गुंडाळलेली. उसाच्या कांड्यावर नख मारून ते जे सांगायचे तेच बहुतेक नळीतून निघायचं. कामाला चोख, आणि त्यामुळेच परत पाठवलं की त्यांना फार लागायचं. मी शिळं म्हटलं की ते माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे.

त्यांच्या गटात कालव्याच्या अंगाला रखमाबाई शेळके यांचा प्लॉट होता. खरं म्हणजे कार्डावर नाव थोरल्या दिरांचं, बाबुराव शेळक्यांचं, कारण जमीन एकत्रातली आणि कर्ते तेच. रखमाबाईंचा नवरा एसटीत ड्रायव्हर, सुटीपुरता घरी यायचा. या बाईने दिरांना सांगितलं, आमच्या वाट्याचं मी करते. भावकी हसली. बाबुराव म्हणाले, एक पीक घरात आणून दाखव, मग कारखान्यात तुझं नाव लावतो, नाही जमलं तर मुकाट्याने जमीन परत माझ्याकडे. चार माणसांत बोललेली गोष्ट, सगळ्या गटाला ठाऊक होती. रखमाबाईंनी आडसाली ऊस लावला, म्हणजे दीड वर्षाचं पीक. दुष्काळात कालव्याची पाळी मिळेल तेव्हा रानात उभं राहून त्यांनी तो जगवला.

तोडणीला थोडेच दिवस राहिले आणि शेजारी कुणीतरी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं. वाऱ्याने ठिणगी उडाली आणि रखमाबाईंचा ऊस पेटला. वरची पाती जळाली, कांडी काळी पडली पण उभी राहिली. जळीत ऊस चार-सहा दिवसांत तुटला तर कारखान्याच्या उपयोगी पडतो. त्यापुढे आतून आंबतो आणि मग त्याला कुणी विचारत नाही. म्हणून जळीताला रांग सोडून आधी नंबर मिळतो. पण याच लोभाने काही महाभाग आपला ऊस स्वतःच पेटवतात, त्यामुळे ऑफिसचा माणूस जागेवर जाऊन खात्री करून येतो. त्या दिवशी शिंदे नावाचे ओव्हरसिअर गेले, बघून आले, खिडकीवर बसून त्यांनी कार्डावर लिहिलं की जळीत खरं आहे, ताबडतोब तोड द्यावी. कार्डाचा नंबर चारचा पाच झाला. सगळं शिस्तीत झालं होतं.

गागरेभाऊंनी त्याच कार्डाची प्रत आग लागायच्या आधी नेली होती. तेव्हा त्यांनी पक्वता मोजली, ती थोडी कमी भरली आणि त्यांनी प्रामाणिकपणे शेरा लिहिला, पक्व नाही, तोड पंधरा दिवस पुढे. मग ते दुसऱ्या टोकाच्या प्लॉटांकडे गेले. आगीची बातमी त्यांना नव्हती. शिंदे येऊन गेले त्याच दुपारी ते प्रतींची चळत घेऊन खिडकीवर आले. बाकीच्या जुळल्या. ही शिळी निघाली. मी ती परत केली आणि बघायला नवं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. बेलापूरची एसटी सुटायची वेळ झाली होती. बाकावर बसून त्यांनी नव्या कार्डावर फक्त कोपरा बघितला, आपल्या प्रतीवरचा चार खोडून पाच केला आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, बघूनच लिहिलं असणार. गागरेभाऊंसारखा माणूस न बघता कसा लिहील? नंबर जुळत होते. मी शिक्का मारला. रखमाबाईंच्या जळीताची नोंद मागच्या गठ्ठ्यात गेली आणि पेटीत आलं ते कार्ड म्हणत होतं, या उसाला अजून पंधरा दिवस आहेत.

दोन दिवस टोळी आली नाही म्हणून रखमाबाई खिडकीवर आल्या. डोक्यावर पदर, चपला हातात, कारण एकीचा अंगठा तुटला होता. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी विचारलं, माझी टोळी कुठं अडकली. मी कार्ड काढलं आणि शेरा वाचून दाखवला, ऊस पक्व नाही.

त्या खिडकीच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "बाई, त्यो पिकला का न्हाई ते राहू द्या. त्यो उभा हाय, पर मेलेला हाय. दोन दिस झाले रोज जाऊन वास घेती मी त्याचा."

मी मागचा गठ्ठा सोडला, त्यात शिंद्यांच्या अक्षरातलं कार्ड निघालं. दोन्ही घेऊन मी साहेबांसमोर ठेवली. रखमाबाई दारात उभ्या होत्या. साहेबांनी आधी त्यांना बसायला खुर्ची दिली, मग कार्डं वाचली, मग गागरेभाऊंना बोलावणं धाडलं. ते आले, कार्डं बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण इतक्या वर्षांची नेकी एकदम मान खाली घालू देत नव्हती.

"नंबर बराबर हुता, साहेब," ते म्हणाले.

"नंबर बरोबरच होता," साहेब म्हणाले. "ऊस?"

एवढंच. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं असं गागरेभाऊंनी पुढे मला सांगितलं. ते बाहेर पडले, सायकल घेतली आणि जवळात जवळच्या टोळीकडे गेले. ती टोळी निघाली होती एका संचालकांच्या फडात. गागरेभाऊंनी मुकादमाची बैलगाडी वाटेत अडवली आणि सांगितलं की चूक माझी आहे, टोळी तेवढी माझ्यासाठी वळव. मुकादमाने ऑफिसची चिठ्ठी मागितली. तोपर्यंत साहेब स्वतःच छत्री घेऊन तिथे पोचले होते. त्यांनी तिथेच, बैलाच्या पाठीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. मागाहून ऑफिसात संचालकांचा फोन आला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दर वाक्याला व्हय व्हय म्हणाले आणि टोळी काही हलवली नाही.

तोड सुरू झाल्यापासून शेवटची गाडी वजनकाट्यावर येईपर्यंत गागरेभाऊ घरी गेले नाहीत. फडात कोयता घेऊन मोळ्या बांधू लागले. मुकादम म्हणाला, ओव्हरसिअरला मोळी बांधताना मी पहिल्यांदा बघतोय, आणि वर त्यांची गाठ कशी सैल आहे तेही सांगितलं. वजन थोडं घटलं, पण ऊस आंबायच्या आत गव्हाणीत पडला. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा रखमाबाई काट्यापाशी मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. गागरेभाऊ टोपी काढून बाजूला उभे राहिले. तो माणूस मला त्या दिवशी जेवढा मोठा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

हेडक्लार्कना मात्र आता जोर चढला. कुलूपच बरं होतं, ते म्हणाले. गागऱ्यांना मेमो द्यावा असंही सुचवलं. साहेबांनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, आपण नंबर तपासला आणि समजलो की माणसाने कार्ड वाचलं. नंबर फक्त सांगतो की काहीतरी बदललंय, काय बदललं ते वाचायलाच लागतं. मग त्यांनी एकच नियम वाढवला. शिळं कार्ड निघालं की त्या माणसाने खिडकीवर उभं राहून नवं कार्ड पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानंतरच नव्याने लिहायचं.

केवढा गहजब झाला म्हणून सांगू. शाळेतल्या पोरासारखं वाचायचं का, असं म्हणत दोन ओव्हरसिअर रुसून बसले. एकांनी चष्मा घरी राहिल्याची सबब सांगितली, मी त्यांना हेडक्लार्कचा काढून दिला. पण नियम टिकला तो गागरेभाऊंमुळे. त्यांचं कार्ड जेव्हा केव्हा शिळं निघालं तेव्हा ते खणखणीत आवाजात वाचायचे, आणि सगळ्यांत जुना माणूस वाचतो म्हटल्यावर बाकीच्यांचं तोंड बंद झालं. तशी घोडचूक त्या खिडकीवर पुन्हा झाली नाही. भाचीच्या मुलीला मी हेच विचारलं. तुझ्या प्रोग्रामची प्रत परत आली की तो काय करतो? म्हणाली, नवा नंबर घेतो आणि पुन्हा लिहितो. मी म्हटलं, वाचतो का? ती करंजी खायला लागली. तिचं काम तिला ठाऊक.

पुढच्या हंगामातली गोष्ट सांगून थांबते. रखमाबाईंचा खोडवा, म्हणजे आदल्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला ऊस, झकास आला होता. तोडणीची तारीख विचारायला त्या ऑफिसात आल्या आणि बाकावर बसल्या. बाबुरावही कुठल्याशा कामाला आले होते, तेही बाकाच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात गागरेभाऊ प्रती घेऊन आले. शेळक्यांच्या प्लॉटची प्रत शिळी निघाली. मी नवं कार्ड त्यांच्या हातात दिलं. काय बदललं होतं ते मला माहीत होतं, सकाळी शेअर खात्यातून आलेलं कार्ड मीच पेटीत टाकलं होतं. मी मुद्दामच काही बोलले नाही.

गागरेभाऊंनी खाकरून सुरुवात केली. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र. मग सभासदाच्या ओळीपाशी ते थांबले. बाकाकडे बघितलं. टोपी सारखी केली.

"सभासद, शेळके रखमाबाई."

ऑफिसात टाईपरायटर चालू होता तो थांबला. बाबुराव जमिनीकडे बघत होते, पण उठून गेले नाहीत. बोलल्याप्रमाणे त्यांनी नाव लावलं होतं, हेही खरं. रखमाबाई बाकावरून उठल्या आणि खिडकीपाशी आल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तेवढं परत एकदा वाचा."

नियमाप्रमाणे एकदा वाचलं की पुरे होतं, आणि मागे रांग लागली होती. गागरेभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या खिडकीवर बसून मी उभ्या कारखान्याला नाही म्हटलं होतं. मी मान हलवून होकार दिला, आणि त्यांनी तेवढी ओळ पहिल्यापेक्षा मोठ्याने वाचली.